फरारी आणि बेपत्ता : रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया प्रकरणातील नोंदींचा विचार

माणूस दिसेनासा होणे ही घटना एकच असली तरी मराठीत तिच्यासाठी तीन शब्द आहेत आणि ते तीन निरनिराळ्या दप्तरांत आढळतात. पेशवेकालीन कागदांत रयत ‘परागंदा’ होते. दुष्काळ पडला, स्वारी आली अथवा साऱ्याचा तगादा असह्य झाला म्हणजे कुळे गाव सोडून जातात आणि मामलेदार तसे वर लिहून कळवितो. ह्या शब्दात दोषारोप नाही. असलीच तर महसूल बुडाल्याची हळहळ आहे. ‘फरारी’ हा शब्द फौजदारी दप्तराचा. ज्याला सरकार शोधीत आहे व जो मुद्दाम हाती लागत नाही तो फरारी. त्याच्या नावाने जाहीरनामा निघतो, त्याच्या मालमत्तेवर टाच येते. तिसरा शब्द ‘बेपत्ता’. तो घरच्या माणसांचा आहे. आई, बायको किंवा भाऊ पोलीस ठाण्यात जाऊन जी तक्रार लिहून देतात तिच्यात तो येतो, आणि तेथे शोध घेण्याचे कर्तव्य सरकारवर पडते.

फरारी आणि बेपत्ता हे दोन शब्द परस्परांस छेद देतात. एकच माणूस एकाच दिवशी एका वहीत फरारी आणि दुसऱ्या वहीत बेपत्ता असू शकतो. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांतील लहानमोठ्या माणसांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ह्या दोन वह्यांपैकी बहुधा पहिलीच उपलब्ध होते. त्यामुळे त्या माणसाचे जीवन म्हणजे त्याच्यावरील आरोपपत्रांची क्रमवार यादी, आणि त्याचा मृत्यू म्हणजे शेवटचा पंचनामा, असे समीकरण होऊन बसते. प्रस्तुत लेखात ज्या प्रकरणाचा विचार करावयाचा आहे त्यात दुसरी वहीही टिकून राहिली. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम उपनगरात मारल्या गेलेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया ह्या इसमाचे ते प्रकरण होय.

प्रथम स्थळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. त्या दुसऱ्या विस्तारात कांदिवलीच्या पश्चिमेस खाडीकाठी असलेले चारकोप हे गाव शहरात आले. परंतु तेथे शहर प्रत्यक्ष पोचावयास आणखी तीन दशके लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, गोराई, मालवणी येथे लहान लहान भूखंड आखून, त्यांस पाणी, गटारे व रस्ते पुरवून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना देण्यात आले. मधल्या मोकळ्या चौकाभोवती मांडलेली ही घरे पुढे एकेक मजला चढवीत वाढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचे संसार उलथून पडले होते. गिरणगावात राहणे अवघड झालेली अनेक मराठी कुटुंबे ह्याच काळात उत्तरेकडे सरकली. ज्या जमिनीस पूर्वी भातशेती व मिठागरे ह्यांपलीकडे मोल नव्हते तिचा भाव वर्षागणिक चढू लागला. चारकोपवरून दक्षिणेकडे मालाड, ओशिवरा व अंधेरीपर्यंत जाणाऱ्या लिंक रोडच्या दोहो बाजूंस जे नवे शहर उभे राहिले त्याचा पाया हाच चढता भाव आहे.

चढत्या भावाबरोबर मध्यस्थ येतो. जमीन कोणाची, ताबा कोणाचा, कागद कोणाच्या नावे, भाडेकरूस उठविणार कोण, ह्या प्रश्नांची उत्तरे दिवाणी न्यायालयात मिळण्यास वीस वर्षे लागतात आणि इमारत बांधणाऱ्याला वीस महिनेही थांबणे परवडत नाही. ह्या दोन मुदतींमधील अंतर हेच टोळ्यांचे खरे उत्पन्न होते. सोन्याची चोरटी आयात १९९० नंतर आर्थिक धोरण बदलल्यामुळे किफायतशीर राहिली नाही, तेव्हा खंडणी आणि जमीन ह्यांकडे टोळ्यांचे लक्ष अधिकच वळले. म्हणून नव्वदच्या दशकानंतरच्या टोळीतील सामान्य माणूस हा पूर्वीच्या बंदरातल्या माणसासारखा नाही. तो पुष्कळदा जमिनीच्या दलालाच्या फार जवळचा असतो; कधी त्याचा भागीदार, कधी त्याचा धाक, आणि व्यवहार फिसकटला म्हणजे त्याचा वैरी.

अशा माणसांपैकी फारच थोड्यांना चरित्र असते. मन्या सुर्वे ह्याचे शिक्षण, त्याची शिक्षा, १९७९ मध्ये रत्नागिरीच्या रुग्णालयातून त्याने केलेले पलायन आणि ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यास झालेला त्याचा शेवट हे सर्व लोकांच्या तोंडी आहे. अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीत १६ नोव्हेंबर १९९१ रोजी माया डोळस व त्याचे साथीदार मारले गेले, त्याची तर चित्रपटकथा झाली. परंतु ह्या प्रसिद्ध नावांच्या मागे जे शेकडो इसम आहेत त्यांच्याविषयी कागदोपत्री दोनच गोष्टी सापडतात. एक म्हणजे ‘ऊर्फ’ ह्या अव्ययानंतरचे नाव, आणि दुसरी ‘अमक्याचा हस्तक’ हे वर्णन. मराठ्यांच्या इतिहासात ‘ऊर्फ’ आले की बहुधा त्यामागून मानाचे अथवा लाडाचे नाव येते. पोलिसांच्या कागदात मात्र ह्या एका अव्ययानेच माणूस अर्धा दोषी ठरतो.

‘चकमक’ ह्या शब्दाचीही अशीच गत झाली आहे. चकमक म्हणजे मूळ गारगोटी. पोलादाचा तुकडा तीवर आपटला म्हणजे ठिणगी पडते. त्यावरून दोन सैन्यांच्या लहानशा झटापटीस चकमक म्हणू लागले. ठिणगीला दोन्ही वस्तू लागतात, आणि म्हणून चकमकीलाही दोन्ही पक्ष लढते असावे लागतात, एवढा अर्थ त्या शब्दात अभिप्रेत आहे. वृत्तपत्रांनी तो शब्द पोलीस दप्तरातून जसाच्या तसा उचलला. पुढे त्यामागे ‘बनावट’ हे विशेषण लावण्याची पाळी आली. ‘बनावट चकमक’ म्हणजे चकमक नव्हेच. तरीही आपल्या भाषेत ह्या कृत्याला दुसरे रूढ नाव नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणात दिलेल्या निकालाच्या आरंभी मुंबईविषयीचे आकडे नमूद आहेत. १९९५ ते १९९७ ह्या काळात मुंबई पोलीस व कथित गुन्हेगार ह्यांच्यात सुमारे ९९ चकमकी झाल्या व त्यांत सुमारे १३५ माणसे मृत्यू पावली, असे मूळ याचिकांत म्हटले होते. त्यांपैकी काही मृत्यूंची न्यायिक चौकशी प्रधान न्यायाधीश अग्वियार ह्यांच्याकडे सोपविण्यात आली होती. जावेद फावडा म्हणून जो १९९७ मध्ये मारला गेला तो तो नव्हेच, तो भुईमुगाच्या शेंगा विकणारा होता, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. म्हणजे वाद केवळ मृत्यू कसा झाला ह्याविषयी नव्हता. मेला कोण, हाच वाद होता. अशा प्रसंगी इतिहासकार काय करणार? पोलिसांचा पंचनामा घटनेनंतर लिहिलेला, कुटुंबाची कैफियतही घटनेनंतर लिहिलेली. दोन्ही कागदांस आपापले हेतू आहेत आणि दोहोंपैकी एकही कागद मृत्यूच्या अगोदरचा नाही.

गुप्ता प्रकरण ह्याच बाबतीत वेगळे पडते.

रामनारायण गुप्ता हा छोटा राजन टोळीचा सदस्य असल्याचा पोलिसांचा संशय होता. छोटा राजन म्हणजे चेंबूरच्या टिळकनगरातील राजेंद्र सदाशिव निकाळजे. चित्रपटगृहाबाहेर तिकिटांचा काळाबाजार करण्यापासून त्याची वाटचाल सुरू झाली, दाऊद इब्राहिमच्या हाताखाली तो वाढला आणि पुढे त्याच्यापासून फुटून देशाबाहेर राहून स्वतःची टोळी चालवू लागला. गुप्ता ह्याचा त्या टोळीतील नेमका दर्जा काय होता हे न्यायालयात सिद्ध व्हावयाचे राहिले, कारण तसा खटला चालविण्यास तो जिवंत राहिला नाही. वाशी भागात त्याचा वावर होता, जमिनीच्या व्यवहाराशी त्याचा संबंध होता आणि त्यातूनच एका इस्टेट दलालाशी त्याचे वितुष्ट आले होते, असे अभियोग पक्षाने पुढे मांडले. त्याचा एक भाऊ, रामप्रसाद गुप्ता, वकिली करीत असे. एकाच घरातील एक मुलगा फौजदारी कायद्याच्या एका बाजूस आणि दुसरा दुसऱ्या बाजूस, अशी ही कुटुंबस्थिती होती. आणि पुढे जे घडले ते ह्या दुसऱ्या मुलामुळे घडले.

११ नोव्हेंबर २००६ हा शनिवार होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास वाशीच्या सेक्टर ९ मध्ये, अनिल भेडा ह्या त्याच्या मित्राच्या दुकानासमोरून, साध्या पोशाखातील माणसांनी गुप्ता व भेडा ह्या दोघांस मोटारीत घालून नेले. त्याच रात्री आठच्या पुढे वर्सोव्यातील नाना-नानी पार्कजवळ गुप्ता ठार झाला. वृद्धांना निवांत बसता यावे म्हणून केलेली ती बाग. पोलिसांनी नोंदविलेली फिर्याद नेहमीच्या साच्यातील होती. एक पाहिजे असलेला गुन्हेगार तेथे येणार अशी खबर मिळाली, सापळा लावला, शरण येण्यास सांगितले, त्याने गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ह्या फिर्यादीत आरोपी म्हणून नाव होते ते मृताचेच. पोलिसांवर हल्ला करून त्यांच्या खुनाचा प्रयत्न केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. आणि आरोपी मृत असल्यामुळे तो गुन्हा न्यायालयापुढे येण्यापूर्वीच संपतो. फिर्याद, तपास आणि निकाल अशी तिन्ही कामे एकाच कागदाने उरकण्याची ही पद्धत दप्तर म्हणून विलक्षण कार्यक्षम आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु साडेबारा आणि आठ ह्यांच्या दरम्यान सुमारे साडेसात तास होते. पोलिसांच्या कथनात हे तास नाहीत. त्या कथनाप्रमाणे गुप्ता त्या वेळी मोकळा हिंडत होता. कुटुंबाच्या दृष्टीने ह्याच तासांत तो बेपत्ता होता. त्यास उचलून नेल्याची वार्ता भावापर्यंत पोचली, आणि त्याने त्या दुपारीच पोलीस आयुक्तांसह निरनिराळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा ठोकल्या व फॅक्स पाठविले. माझ्या भावास व त्याच्या मित्रास पोलिसांनी नेले आहे आणि त्यास खोट्या चकमकीत मारले जाण्याची भीती आहे, असा त्यांचा आशय होता. संध्याकाळी भेडाच्या पत्नीने वाशी पोलीस ठाण्यात पती बेपत्ता असल्याची तक्रार नोंदविली.

तारेच्या ह्या उपयोगाविषयी थोडे विस्ताराने लिहिले तर विषयांतर होणार नाही. आपल्याकडे तार १८५५ पासून लोकांस खुली झाली. मराठी घरात तार आली म्हणजे ती उघडण्यापूर्वीच बायका रडू लागत, इतका तिचा मृत्यूशी संबंध जडलेला होता. वकिलांना मात्र तिचे निराळे महत्त्व ठाऊक होते. तार ही सरकारी खात्याच्या खिडकीवर दिली जाते. तिची पावती मिळते. तीवर दिवस व वेळ पडते. आणि पाठविणाऱ्यास तीत मागाहून फेरफार करता येत नाही. आणीबाणीच्या पूर्वीपासून कोणास अटक करून न्यायाधीशापुढे उभे केले नाही की जाणते वकील प्रथम तार करीत आणि मग अर्ज लिहावयास बसत. दूरध्वनीवर केलेली विनवणी वाऱ्यावर जाते. तारेने मात्र सरकारच्याच एका खात्याला दुसऱ्या खात्याविरुद्ध साक्षीदार करून ठेवता येते.

ह्या साक्षीचे मर्म वेळेत आहे. एखाद्या माणसास खोट्या चकमकीत मारतील असे त्याच्या मृत्यूनंतर सांगणे सोपे असते, आणि तसे सांगणाऱ्यावर शंका घेणेही तितकेच सोपे असते. मृत्यूच्या काही तास अगोदर तेच लिहून ठेवलेले आढळले तर शंकेला जागा कोठे उरते? तो माणूस आठ वाजता आपल्या पायांनी वर्सोव्यास आला हे खरे मानावयाचे तर त्याच्या भावास दुपारीच असे स्वप्न कसे पडले, ह्याचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर पोलिसांच्या कथनात नव्हते.

तरीही तार हा केवळ आरंभ होता. रामप्रसाद गुप्ता ह्यांनी १५ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या दंडाधिकारी चौकशीचा अहवाल ऑगस्ट २००८ मध्ये आला, आणि मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला असा त्याचा निष्कर्ष होता. ऑगस्ट २००९ मध्ये उच्च न्यायालयाने पोलीस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना ह्यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. जानेवारी २०१० मध्ये पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा व इतर पोलिसांस अटक झाली. चकमकींसाठी ज्यांची वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे वाखाणणी झाली होती, ज्यांच्या नावापुढे मृतांची संख्या बिरुदासारखी छापली जात असे, त्या अधिकाऱ्यांपैकी शर्मा हे एक. वृत्तपत्रांनी ती संख्या लिहिताना हे मृत्यू कोणाचे, असे क्वचितच विचारले.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या अनिल भेडाकडे वळू. त्याचे बेपत्ता होणे दोनदा झाले. पहिल्या खेपेस, म्हणजे ११ नोव्हेंबर २००६ पासून, त्यास सुमारे महिनाभर डांबून ठेवण्यात आले होते. त्यातील बराच काळ अंधेरीच्या एका हॉटेलात. गुप्ताला मारले आणि भेडाला ठेवले, ह्याचा अर्थ उघड आहे. गुप्ताच्या नावावर नोंदी होत्या, म्हणून त्याच्या मृत्यूस कथा जोडता येत होती. भेडाच्या नावावर तशी कथा उभी राहात नव्हती आणि त्याने तर सर्व पाहिले होते. अशा माणसाला मारणे कठीण व सोडणेही कठीण. शेवटी त्यास सोडण्यात आले आणि काही काळ तो गप्प राहिला. गप्प राहणाऱ्या साक्षीदारावर आपल्याकडे पुष्कळ टीका होते. टीका करणाऱ्यांनी त्या महिन्याची कल्पना करून पाहावी. पुढे विशेष तपास पथकापुढे त्याने आपली हकीकत सांगितली आणि तो ह्या खटल्यातील प्रमुख साक्षीदार झाला.

पोलिसांपुढे दिलेला जबाब हा आपल्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र पुरावा नव्हे. साक्षीदाराने न्यायालयात उभे राहून शपथेवर सांगावयाचे, आरोपीच्या वकिलाने त्याची उलटतपासणी घ्यावयाची, तेव्हा ती साक्ष. हा नियम योग्यच आहे. ज्या पोलिसांवर आरोप होता त्यांचे संरक्षणही त्याच नियमाने होत होते. पण ह्या नियमामुळेच भेडा जिवंत असणे आणि नसणे ह्यांत सर्व फरक पडणार होता. भेडा न्यायालयात १६ मार्च २०११ रोजी उभा राहावयाचा होता. १३ मार्च रोजी तो घरातून बाहेर पडला आणि परत आला नाही. पुढे मनोर भागात, जो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, एक जळालेला मृतदेह सापडला. तो भेडाचा असल्याचे डीएनए तपासणीने ठरले.

दोन्ही खेपांतील फरक नीट पाहिला पाहिजे. पहिल्या वेळी दिवसाढवळ्या दुकानासमोरून माणूस उचलला गेला, पाहणारे होते, बातमी पसरली, काही तासांत तारा गेल्या. दुसऱ्या वेळी उचलणाऱ्यांस कोणी पाहिले नाही. २००६ मध्ये भावाच्या तारांमुळे जी वेळेची नोंद निर्माण झाली तशी नोंद २०११ मध्ये कोणाच्या हाती नव्हती. बेपत्ता झाल्याची तक्रार दोन्ही वेळी झाली. परंतु दुसऱ्या वेळी त्या तक्रारीस आधार देणारा कागद नव्हता, आणि जो सर्व सांगू शकला असता तोच तक्रारीचा विषय होता.

सत्र न्यायाधीश व्ही. डी. जाधवर ह्यांनी १२ जुलै २०१३ रोजी निकाल दिला. १३ पोलीस व ८ इतर इसम मिळून २१ जणांस दोषी ठरवून जन्मठेप देण्यात आली. प्रदीप शर्मा ह्यांची मुक्तता झाली. भेडाची साक्ष नसताना हा निकाल लागू शकला तो इतर पुराव्यावर, आणि त्या पुराव्यात तारा व फॅक्स ह्यांचे स्थान महत्त्वाचे होते. ह्याच आठवड्यात, १५ जुलै २०१३ रोजी, भारतातील तारखाते कायमचे बंद झाले. वृत्तपत्रांनी त्या प्रसंगी जन्माच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या तारांच्या आठवणी छापल्या. तीनच दिवसांपूर्वी एका खटल्यात ज्या तारांनी काम केले होते त्यांची आठवण मात्र त्या लेखांत शोधूनही सापडण्याचा संभव कमी.

अपिलांचा निकाल लागण्यास आणखी अकरा वर्षे गेली. दरम्यान शिक्षा झालेल्यांपैकी एक पोलीस व एक खाजगी इसम, असे दोघे मरण पावले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती गौरी गोडसे ह्यांनी १९ मार्च २०२४ रोजी ८६७ पानांचा निकाल दिला. त्यात १२ पोलीस व एक खाजगी इसम ह्यांची शिक्षा कायम राहिली, सहा जणांची मुक्तता झाली आणि शर्मा ह्यांच्या मुक्ततेचा खालच्या न्यायालयाचा निर्णय टिकणारा नाही असे ठरवून त्यांस जन्मठेप देण्यात आली. शर्मा ह्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाने धाव घेतली व तेथे त्यांस त्याच वर्षी दिलासा मिळाला. त्यांच्यापुरता विचार करावयाचा तर उच्च न्यायालयाचा निकाल हा ह्या लेखापुरता शेवटचा कागद. शेवटचा निर्णय नव्हे.

ह्या सर्व कागदांतून रामनारायण गुप्ता हा माणूस आपणास किती कळतो? फार थोडा. त्याच्या शेवटच्या दिवसाचे तास आणि मिनिटे आपल्याला ठाऊक आहेत. त्याचे बालपण, त्याची शाळा, टोळीशी त्याचा संबंध आला असेल तर तो कोणत्या वर्षी आणि कोणाच्या ओळखीने आला, ह्यांविषयी ८६७ पानांस काही सांगावयाचे नव्हते. त्या पानांचा विषय त्याचे जीवन नसून त्याचा मृत्यू आहे. हे न्यायालयाचे न्यून नव्हे. पण ह्या निकालाच्या आधारे त्यास निर्दोष ठरविणारे लेखक आणि त्याच्यावरील जुन्या नोंदींच्या आधारे त्याच्या मृत्यूचे समर्थन करणारे लेखक, दोघेही कागदाबाहेर जातात असे मला वाटते. ज्या टोळीचा तो हस्तक म्हणविला गेला तिचा म्होरक्या २५ ऑक्टोबर २०१५ रोजी इंडोनेशियातील बाली येथे पकडला गेला, नोव्हेंबरात त्यास भारतात आणले, त्यास वकील मिळाला, त्याच्यावर साक्षीपुराव्यानिशी खटले चालले आणि पत्रकार ज्योतिर्मय डे ह्यांच्या २०११ मधील खुनाबद्दल २०१८ मध्ये त्यास जन्मठेप झाली. म्होरक्याचे आयुष्य उद्या कोणास लिहावयाचे झाले तर न्यायालयात तपासून निघालेले कागद त्याच्या हाती असतील. हस्तकाचे लिहावयाचे झाले तर एका दुपारच्या तारा आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने घालून दिलेल्या सोळा नियमांत, मिळालेली गुप्त खबर अगोदर लेखी नोंदवावी, मृत्यू झाल्यास स्वतंत्र यंत्रणेने अथवा निदान दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी तपास करावा, प्रत्येक प्रसंगी दंडाधिकारी चौकशी व्हावी आणि घटनेनंतर लागलीच बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे सांगितले आहे. ह्यांतील पहिला नियम इतिहासकाराने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कारण त्यायोगे मृत्यूच्या अगोदरचा एक कागद निर्माण करण्याची जबाबदारी कुटुंबावरून काढून सरकारवर टाकली गेली. तो कागद खरोखर केव्हा लिहिला जातो हा प्रश्न निराळा.

भेडाच्या बाबतीत असा कोणताही कागद नाही. उच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात त्याच्या खुनाचा स्वतंत्र उल्लेख केला. प्रमुख साक्षीदार साक्षीच्या तोंडावर पळवून क्रूरपणे मारला जातो आणि दशकाहून अधिक काळ लोटला तरी मारणाऱ्यांचा पत्ता लागत नाही, ही न्यायाची विटंबना आहे आणि त्याच्या कुटुंबावर अन्याय आहे, असे न्यायमूर्तींनी लिहिले व तपास शेवटास जाईल अशी अपेक्षा व्यक्त केली. १३ मार्च २०११ रोजी भेडा घरातून निघाला त्या घटकेपासून मनोरला मृतदेह सापडेपर्यंतचा काळ त्या निकालाच्या दिवशीही कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता.